इंजिनावरचं वैर

थर्झा ओल्डरॉइड लीड्समध्ये सिटी बस चालवायची आणि रविवारी आमच्या जुन्या रेल्वेवर फुकट राबायची. यॉर्कशरच्या डोंगरातली ही लाइन आम्ही हौशी लोकांनीच चालू ठेवलेली. मी तिथला गार्ड. इंजिन पुसण्यापलीकडे बायकांना कुणी काही करू देत नसे. थर्झा भांडून फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारी, झाली, आणि तिच्या वाट्याला ड्रायव्हर आला क्लेम हेग.

क्लेमला ती डोळ्यांसमोर नको असायची. "बाई, भट्टी आहे ही. रश्श्यात बटाटे सोडल्यासारखा कोळसा काय टाकतेस?"

"तुम्ही गाडी नीट हाका, म्हातारबा. कोळशाचं मी बघते."

एका रविवारी गाडी खच्चून भरली होती. थर्झाची फजिती व्हावी म्हणून क्लेमने चढावर मुद्दाम इंजिन बेफाम पिदडलं. वाफेचा दाब उतरला, बॉयलरमध्ये पाणी जाईना, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी तळाला लागलं. तसाच चढ ओलांडला असता तर उतारावर पाणी पुढे सरकून भट्टीचं छत कोरडं पडून फुटलं असतं, आणि दोघंही उकडून मेली असती.

"थांबवा गाडी!"

"घाबरलीस? जा, डब्यात चहा वाट."

तिने त्याच्या अंगावरून हात घालून ब्रेक लावला. त्याने तिच्या मनगटावर पाना हाणला. गाडी थांबली. पाणी भरेपर्यंत दोघांनी एकमेकांना अशा शिव्या घातल्या की पहिल्या डब्यातल्या आयांनी मुलांचे कान झाकले.

रेल्वेच्या समितीपुढे क्लेम म्हणाला, "हिला आग राखता येत नाही." थर्झाचं मनगट काळंनिळं दिसत असूनही निम्म्यांनी माना डोलावल्या.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "काढायचं तर धक्के मारून काढा."

कुणाची छाती झाली नाही. पुढे तीही ड्रायव्हर झाली. शेडमध्ये समोर आली की क्लेम तिच्या पायाशी थुंकायचा आणि ती म्हणायची, "नेम चुकला."

क्लेम मेला तेव्हा सांगून गेला होता, माझी राख इंजिनाच्या भट्टीत टाका, पण त्या बाईच्या हातून नको. त्याचा मुलगा ऑब्री राखेचा डबा घेऊन इंजिनावर चढला. भट्टीचं दार उघडताच झळ लागून मागे सरला. ड्रायव्हर थर्झाच होती. तिने फावडं पुढे केलं.

"ओत यात."

"बाबांनी तुम्हाला नको म्हटलं होतं."

"मग येऊन अडवू दे."

ऑब्रीने ओतली. तिने एका झटक्यात राख आत भिरकावली आणि दार आपटलं.

चहाच्या वेळी मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं ना," थर्झा म्हणाली. "त्याच्या राखेनं भट्टीची जाळी चोंदली आहे. साफ मलाच करायची."