शेवटचा ‘द’

जुन्नरहून डिंभ्याच्या शाळेत शिकवायला जायचं, तर मला घोडेगावला एसटी बदलावी लागते, आणि ती दुसरी गाडी कधी येईल हे तिथला कंट्रोलरसुद्धा सांगत नाही. अशा वेळी कादंबरी कामाची नसते. गोष्ट रंगात आली की नेमकी गाडी येते. म्हणून मी ग्रंथालयातून विज्ञानलेखांचे जाडजूड संग्रह आणू लागले. एकेक तज्ज्ञ तीन-चार पानांत आपलं सांगून मोकळा होतो. एक जण ताऱ्यांबद्दल लिहितो, पान उलटलं की कुणी डॉक्टरीणबाई आतड्यातल्या जिवाणूंबद्दल सांगू लागते.

मला त्या पुस्तकांची चटक लागली, पण ती काही मला स्वस्थ बसू देईनात. थायरॉइडचा लेख वाचला, तर आठवडाभर मी आरशासमोर गळा चाचपत होते. हृदयाचा वाचला आणि अम्मीची नाडी धरून बसले.

“तू पुस्तक उघडलंस की घरात आजार शिरतो बघ,” अम्मी हात सोडवून घेत म्हणाली.

त्यामुळे त्या सकाळी घोडेगावच्या स्टँडवर मी कंपवाताचा लेख उघडला, तेव्हा स्वतःलाच बजावलं होतं, नुसतं वाचायचं. मला वाटायचं, कंपवात म्हणजे हात थरथरणं. लिहिणारा मेंदूचा डॉक्टर म्हणत होता की थरथर पुष्कळदा मागाहून येते. त्याआधी वास येईनासा होतो, चालताना एक हात हलायचा थांबतो, आणि लिहिताना ओळीच्या सुरुवातीला नीट असलेलं अक्षर शेवटाकडे बारीक होत जातं.

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, आणि पुढची ओळ काही वाचू शकले नाही.

माझे अब्बा अक्षरं रंगवतात. फ्लेक्स आले तसे दुकानांचे बोर्ड गेले, पण उसाच्या ट्रॉल्या उरल्या. कारखाना सुरू व्हायच्या आधी पारगावकडचे शेतकरी ट्रॉल्या घेऊन आमच्या दारात येतात. आदल्याच आठवड्यात अब्बांनी एका ट्रॉलीच्या मागच्या फळीवर ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ लिहिलं होतं. ‘आई’ ओंजळीएवढं होतं आणि शेवटचा ‘द’ लिंबाएवढा. शिकाऊ पेंटरची जागा संपते म्हणून त्याचं अक्षर दबतं. अब्बांच्या फळीवर मात्र शेवटी हातभर जागा उरली होती.

रविवारी मी काही काम नसताना आळेफाट्याला गेले. तिथल्या एका गॅरेजवर अब्बांचा जुना बोर्ड आहे. ऊन-पावसाने रंग उडालाय, पण अक्षरं सैनिकांसारखी एका उंचीची. मी समोरच्या रसवंतीत उभी राहून फोटो काढले, घरी येऊन नव्या ट्रॉल्यांचे फोटो शेजारी लावून पाहिले. नव्या प्रत्येक फळीवर ओळीचा शेवट बारीक होता.

दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइनचा डबा उघडून अब्बांच्या नाकाजवळ धरला.

“हा काय खेळ?” ते म्हणाले.

“वास येतोय का?”

“अगं, जल्म गेला माझा याच्यात. आपल्याच अंगाचा वास येतो का कुणाला?”

यावरून काय समजायचं? लेखात पेंटरबद्दल काहीच नव्हतं. मग मी सरळच बोलले. “अब्बा, तुमचं अक्षर लहान होत चाललंय.”

“ल्हान न्हाई झालं. फळी लांब व्हती.”

पुढे त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मी चालताना त्यांच्या मागे राहायची आणि उजवा हात बघायची. हलतोय का? आज हलला. की मलाच तसं वाटलं? शाळेत मुलांच्या वह्या तपासताना ओळीच्या शेवटावरच माझी नजर जायची.

शेवटी त्या ‘आशीर्वाद’चा ट्रॉलीवालाच आला. “चाचा, लई नाजूक काढलंय राव. मागच्या गाडीवाल्याला दिसायचं न्हाई.”

अब्बांनी सगळं खरवडून काढलं आणि नव्याने लिहायला घेतलं. मी दारात उभी होते. ‘आशीर्वाद’पर्यंत येता येता अक्षर पुन्हा आकसलं. ते दोन पावलं मागे सरले, फळीकडे बघत राहिले, आणि ब्रश डब्यात सोडून म्हणाले, “उद्या सुट्टी काढ.”

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं आपटायला लावली, लांब व्हरांड्यात चालवलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली. रेघ आत वळत गेली तशी दाटत गेली. “सुरुवात आहे,” डॉक्टर म्हणाले. “औषधाने बरीच वर्षं काम करता येईल. लिहिताना वर-खाली रेघा आखून घ्या, त्याने फरक पडतो.”

परतीच्या एसटीत नारायणगाव आलं. अब्बा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “तू वाचलं नसतंस, तर एवढा हंगाम तरी बिनघोर गेला असता माझा.”

मी डॉक्टरांची चिठ्ठी काढून गोळ्यांच्या वेळा वाचू लागले.

औषधाने हात मोकळा झाला, पण रोज नाही. खडू लावलेला दोरा ताणून फळीवर रेघा मारायचं काम अब्बांनी कधीच सोडून दिलं होतं, ते नवशिक्यांचं. आता ते आधी दोरा मारतात आणि कुणी शेतकरी बघत उभा असला तर त्याला चहाला पिटाळतात. रेघांमध्ये अक्षर बऱ्यापैकी टिकतं. नाही टिकलं तर फळी भिंतीकडे वळवून ठेवतात आणि चिडून अम्मीशी भांडण काढतात.

परवा दुपारी असेच बसले होते. म्हणाले, “ते पुस्तक आण. काय लिवलंय त्यानं ते वाच बरं.”

मी तो लेख वाचून दाखवला. संपल्यावर त्यांनी विचारलं,

“एवढंच?”

“एवढंच.”

“मंग पुढच्या पानावर काय हाय?”

“मुंग्या. दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.”

त्यांनी पाय पसरले, गुडघ्यावरचा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. “वाच मग मुंग्यांचं,” म्हणाले.