अतलसीची रजई

वडील संस्थानच्या दफ्तरात होते. दसऱ्याच्या दरबाराला ते अतलसीचा अंगरखा घालत. अतलस म्हणजे निव्वळ रेशमाची साटण; वरून चकचकीत, उलट बाजूने निस्तेज. असे दोन अंगरखे होते, एक जांभळा, एक पिस्ता. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, दरबार संपला, आणि पुढच्याच थंडीत वडील गेले.

तेराव्याला शय्यादानात त्यांची गादी, पांघरुणं, कपडे, सगळं दिलं. अंगरखे मात्र आईने ठेवून घेतले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, माणसाचं मागे राहिलेलं माणूस मागायला येतं."

"येऊ देत," आई म्हणाली.

तिने अंगरखे उसवून त्यांची रजई केली. वर जांभळी, खाली पिस्ता. रोज सकाळी रजई जमिनीवर सापडायची, वडिलांची खाट असायची त्याच बाजूला. आई गारठून खोकत पडलेली. वैद्यांनी तिची छाती जपायला सांगितलं होतं. माझी बायको त्या खोलीत एकटी जाईना.

मी आईची खाट मोजली. एक पाय अर्ध्या बोटाने आखूड निघाला.

"आई, साटण गुळगुळीत. पोलक्याला, टोपीच्या अस्तराला ठीक. रजईला अंगाकडून सुती कापड लागतं. तू दोन्हीकडून अतलस लावलीस, घसरणारच."

"आणि नेमकी त्यांच्याच बाजूला?"

"तिकडचा पाय आखूड आहे."

"ते गेले तरी तुझं मोजमाप काही सुटत नाही."

मी भैरवगढहून छापील सुती कापड आणलं. बायकोने ते खालून शिवलं, मी पायाखाली पाचर घातली. दुसऱ्या सकाळी रजई आईच्या अंगावर जशीच्या तशी होती. ती भिंतीकडे बघत होती.

"झोप लागली ना?"

"लागली. कोणी आलं नाही रात्री."

चार-सहा दिवसांनी पाहिलं तर अस्तर उसवलेलं, पाचर कोनाड्यात ठेवलेली. आईचा खोकला परत सुरू झाला होता. मी रोज पहाटे उठून तिच्या खोलीत जाऊ लागलो. जमिनीवरची रजई उचलायची, तिच्या खांद्यापर्यंत ओढायची, कडा दाबायच्या.

एकदा डोळे न उघडता तिने विचारलं, "आलात?"

मला ती कधी अहो-जाहो करत नसे. मी कडा दाबून बाहेर आलो.

आई गेल्यावर बायकोने शय्यादानासाठी सामान काढलं, त्यातून रजई मी उचलून घेतली. आता ती मीच पांघरतो. पाचर अजून कोनाड्यातच आहे.