कन्या एक

अमेरिकेत नोव्हाय गावी आमच्या शेजारी फ्रेंच वंशाच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. मध्ययुगातल्या एका फ्रेंच सरदार घराण्यावर त्यांचं लायब्ररीत भाषण होतं. मी मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग काढणारा, म्हणून घराण्याचा वंशवृक्ष त्यांनी माझ्या गळ्यात मारला. मला कुठे नको होता! एक किल्ला, चार गावं, एक पाणचक्की आणि पुलावरची जकात, एवढ्यावर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या सरदार म्हणून कशी मिरवली, याचं मला भारी कुतूहल. शिवाय त्याच आठवड्यात मी आमच्या कुलवृत्तांताचा फॉर्म भरून पुण्याला पाठवायला ठेवला होता. हात बसलेला होता म्हणायचं.

आमच्याकडे काढतात तसाच वृक्ष मी काढला. बाप, मुलगा, नातू. मुलींचा नुसता आकडा. एका सरदाराला मुलगा नव्हता, तर पुढची पिढी बेलाशक त्याच्या पुतण्याला जोडून मोकळा झालो.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "जहागीर पुतण्याला नाही, मुलीला मिळाली," त्या म्हणाल्या. "नवरा लढाईवर असताना किल्ला तिने राखला. तुम्ही जिला आकडा करून टाकलंत, ती ही."

मी ओशाळलो, पण प्रश्न थांबेनात. लोक तिचं ऐकायचे? निवाडा कोण करायचं? तीच, बाई म्हणाल्या. तिचा स्वतःचा शिक्का होता.

घरी येऊन ही गोष्ट मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला रंगवून सांगितली. तिने लगेच विचारलं, "अँड आपल्या चार्टमध्ये व्हेअर अ‍ॅम आय?"

मी पाकीट उघडून बोट ठेवलं. रविवारच्या मराठी शाळेच्या जोरावर तिने अक्षरं लावली. "कन्या एक. दॅट्स नॉट मी, बाबा." मग तिचं बोट वरच्या ओळीवर गेलं, माझ्या वडिलांच्या. तिथेही कन्या एक. "हू इज धिस?"

ती माझी ताई. मी अमेरिकेला आल्यापासून आईवडिलांची आजारपणं, घराची डागडुजी, भाडेकरूंची भांडणं, सगळं तीच बघत होती. तो फॉर्मसुद्धा तिनेच रांगेत उभं राहून मला पोस्टाने पाठवला होता.

मला फार लाज वाटली. मी पेन घेतलं आणि आधी ताईचं नाव लिहिलं. आकड्यापुरत्या त्या चौकोनात ते मावलं नाही.