ताईचा डावा गाल

माझ्या बहिणीला दोन गाल आहेत, हे सिद्ध करायला आमच्या घराला एक महिना लागला. दोष माझा.

पेणच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजच्या वाचनालयात मोठमोठ्या छायाचित्रकारांची पुस्तकं मी तीन वर्षं पाहत होतो. (कॅमेरा पहिल्या पगारानंतर हातात आला!) त्यामुळे रोह्याच्या स्थळाला ताईचा फोटो पाठवायचं ठरलं, तेव्हा स्टुडिओत जायला मी साफ विरोध केला.

"ताई, खिडकीपाशी बस. इकडे बघू नकोस. हसू नकोस!"

"मग रडू का?"

"अर्धा चेहरा अंधारात हवा. मोठे लोक असेच फोटो काढतात."

"त्यांच्या बहिणींची लग्नं झाली का रे?"

फोटो धुऊन आला. उजवा गाल उजेडात, डावा काळोखात गडप! बाबांनी तो उन्हात नेऊन पाहिला.

"आरं, बाकीची पोरगी कुठं हाय?"

पण पोरगा शिकलेला, त्याला कळत असणार, म्हणून त्यांनी तोच फोटो पाठवला.

आठवड्याने मामा निरोप घेऊन आले. "मुलगी पसंत हाय."

आई देवापुढे साखर ठेवायला उठली.

"दिसते तेवढी!" मामा म्हणाले. "उरलेली का लपवली, म्हणतात. कुणी म्हणतं भाजलंय, कुणी म्हणतं डोळाच नाय."

मुलाचा फोटो ताईने वहीत जपून ठेवला होता. (तो सरळ समोर बघत होता.) मला जेवण जाईना.

शेवटी मुलाची आत्या रोह्याहून स्वतः तपासणीला आली. आली ती थेट ताईच्या डाव्या बाजूला बसली! ताईने चहा ठेवला तशी आत्या वाकून बघू लागली. ताईने सरळ मान वळवली.

"आत्याबाई, हा डावा. उजवा फोटोत हाय. दोन्ही माझेच."

आत्या पोट धरून हसली. "अगो बाय! मग फोटो काढला कुणी?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मामांनी तर त्यासाठी कप खाली ठेवला!

"शिकलेला दिसतोय," आत्या म्हणाली, आणि लग्न ठरलं. बाबांनी सोडलेला श्वास धरमतरच्या खाडीपर्यंत ऐकू गेला असेल.

लग्नात रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा स्टुडिओवाला होता. त्याने सगळ्यांना समोर बघायला लावलं आणि मला दिवा धरायला उभं केलं. एका फोटोत मीही चुकून आलोय, अर्धा चेहरा अंधारात. अल्बम उघडला की ताईच्या सासरी हमखास कुणीतरी विचारतं, "ह्याचा दुसरा डोळा शाबूत हाय ना?"