तिनेकेनं दोनदा थोपटलं होतं

तिनेके गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या भाजीवाल्याकडे रांगेत उभी होते. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. वॉर्डमधली सिस्टर हळुवार आवाजात म्हणाली, शांतपणे गेली, काही त्रास झाला नाही. मी भूल देणारी डॉक्टर आहे. असली वाक्यं नातेवाइकांना मी स्वतः इतक्यांदा ऐकवली आहेत की ती पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आली तेव्हा काय करायचं ते कळेना. ‘थँक यू, सिस्टर’ म्हटलं, घरी आले आणि मेथी निवडत बसले. रडू आलं नाही. नुसता थकवा आला, आणि पाच आठवडे झाले तरी तो काही अंगातून जात नाही.

तिनेके हॉलंडची. समुद्राकाठच्या लहानशा गावात वाढलेली, तिथल्या ज्युदोच्या हॉलमध्ये भावाच्या मागे मागे गेलेली आणि भावानं सोडल्यावरही टिकलेली. देशासाठी कितीतरी वर्षं खेळली. दोन्ही गुडघे कामातून गेल्यावर इंग्लंडला आली, हाउन्सलोला राहिली. आठवडाभर एअरपोर्टवर कार्गोची नोकरी आणि शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये मुलांना ज्युदो. माझी ऋजुता आठ वर्षांची असताना मी तिला दोन बस बदलून तिथे नेऊ लागले, ती केवळ घरातल्या सोफ्यांवर दया येऊन. पहिल्या दिवशी ऋजुता तणतणत बाहेर आली. “आई, होल अवर नुसता टॅप करायला शिकवली! फेकायचा कधी?”

मागून तिनेके हसत आली. कुणी तुम्हाला पकडीत घेतलं आणि सहन होईना, तर तळहातानं दोनदा थोपटायचं, चटईवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर. म्हणजे हार मानली. समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं. हे सगळीकडेच शिकवतात. तिनेकेची त्यात स्वतःची एक भर होती. “रेफरीकडे बघायचं नाही,” ती मुलांना बजावायची. “त्यानं पाहिलं की नाही, याच्याशी तुमचं काय? हात लागला की सोडा.” दर शनिवारी, नवं कुणी असो वा नसो, पहिली दहा मिनिटं हेच. मला ते ऐकून ऐकून कंटाळा यायचा.

मैत्री झाली ती खाण्यावरून. खेळायच्या काळात स्पर्धेआधी वजन उतरवायला ही बाई प्लॅस्टिकचा सूट घालून पळायची, आदल्या दिवशी पाणीसुद्धा तोडायची. तो सगळा उपास तिनं पुढच्या आयुष्यात फेडून घेतला. दिवाळीत चकल्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला की रिकामाच परत यायचा. तिच्या घरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असे. त्यांच्याकडे ते तिथेच असतं म्हणे, म्हणजे रोज नजरेस पडतं. त्यावर आम्ही तिघंही होतो. माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला ती फोन करून मला अभिनंदन म्हणायची. “यात माझं काय कर्तृत्व?” मी विचारायची. “आणखी एक वर्ष सांभाळलंस ना त्याला!”

एकदा तिच्या स्वयंपाकघरात बाटली उघडायचं शोधताना मी खण ओढला, तर चमचे आणि झाऱ्यांच्या मध्ये एक मेडल. सोन्याचं. तिची बाकीची मेडल्स बाहेर काचेत ओळीनं लावलेली होती. मी ते वर धरून विचारलं, हे इथे कसं? तिनं कांदा चिरता चिरता सांगितलं. मोठी स्पर्धा, फायनल. समोरचीनं हिचा हात असा धरला की कोपर मोडणार. हिनं तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. रेफरी दुसऱ्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. ती मात्र प्रामाणिक, तिनं लगेच सोडलं. आणि हिनं तिला उलटवलं, दाबून धरलं आणि जिंकली. “विचार केलाच नाही मी. शरीर आपोआप वळलं,” तिनेके म्हणाली. “नंतर ती वाकली, हात मिळवला, म्हणाली ‘वेल फॉट’. बस्स… शुभा, हे भिंतीवर लावता येत नाही आणि टाकवतही नाही.”

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. दोन वेळा केमो झाली, दोन्ही वेळा थोड्या दिवसांचा दिलासा. तिला आता भावाकडे जायचं होतं, समुद्राजवळ. तिकिटंसुद्धा पाहून ठेवली होती तिनं. कन्सल्टंटकडे मी बरोबर गेले, मैत्रीण म्हणून, पण बसले डॉक्टर होऊन. तो म्हणाला, केमोची अजून एक सायकल देता येईल, फारशी आशा नाही, निर्णय तुमचा. आणि तो स्क्रीनकडे वळला. तिनेकेचा हात माझ्या हातावर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तळहातानं दोनदा थोपटलं.

मला कळलं होतं. कुणी म्हणेल, धीर द्यायला थोपटलं असेल. नाही. बारा वर्षं शनिवारी मी दुसरं पाहिलं काय होतं? तरी मी म्हणाले, “एकच सायकल, तिनेके. ट्राय तर कर. माझ्यासाठी.” तिनं मान हलवली. बरं म्हणाली.

त्यानंतर ती सहा आठवडे जगली. ओकाऱ्या, सलाईन, तोंडभर फोड. भावाकडे जायची ताकद दुसऱ्याच आठवड्यात संपली, शेवटी तोच येऊन बसला. मी रोज ड्यूटी संपवून जायची, पाय चेपायची. तिनं एकदाही मला बोल लावला नाही. शेवटून दुसऱ्या संध्याकाळी मी निघताना तिनं उशीवरून डोकं जरा उचललं, वाकल्यासारखं केलं आणि म्हणाली, “थँक यू, डॉक्टर.” इतक्या वर्षांत तिनं मला कधी डॉक्टर म्हटलं नव्हतं. मी लिफ्टपाशी येऊन उभी राहिले. मागे फिरून सॉरी म्हणायला हवं होतं. उद्या म्हणू असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शुद्धीत नव्हती.

तिचा फ्लॅट भावानं आणि मी मिळून आवरला. काचेतली मेडल्स त्यानं नेली. खणातल्या मेडलबद्दल त्याला ठाऊक नव्हतं. मीही बोलले नाही, पर्समध्ये टाकून आणलं. आता ते माझ्या खणात आहे, सांडशीच्या शेजारी. सकाळी दूध उतरवायला सांडशी घेताना हाताला लागतं. मला तिचे सहा आठवडे जास्तीचे मिळाले. रोज तिचा हात हातात होता, ती दिसत होती, बोलत होती. तिनं थोपटल्यावर मी सोडलं असतं तर ती भावाकडे गेली असती, मला ते मिळाले नसते. ते कुणाला सांगता येत नाहीत आणि विसरवतही नाहीत. रेफरीनं तरी पाहिलं नव्हतं… मी पाहिलं होतं.