डाव्या हाताचा विळा

मी लोणावळ्याच्या एका बंगल्यावर कारकून होतो. पावसाळा सरला की तिथला माळी गंजलेली हत्यारं अंगणात घेऊन बसायचा. घासताना त्यांना विचारायचा, “लय ठनकतंय का?” तेल पाजलं की म्हणायचा, “झालं, आता थंडीभर बगायला नको.”

एकदा दारचं गवत कापताना त्याच्या विळ्याची मूठ मी मोडली आणि विळा गुपचूप जागेवर ठेवला. तो मोडका विळा पाहून मालक माळ्याला सगळ्यांदेखत म्हणाले, “हत्यारं सांभाळता येत नसतील तर गावी जा.”

“नीट करतो, मालक,” एवढंच तो म्हणाला. मी शेजारी उभा होतो.

खंडेनवमीला त्यानं हत्यारं पूजेला मांडली. साऱ्यांच्या मुठी उजवीकडे, त्या विळ्याची तेवढी डावीकडे. मूठ नवी होती आणि धार उलट्या अंगानं लावलेली.

“हा असा का?” मी विचारलं.

“मूठ डाव्या हातानं पिळून मोडलीती, भाऊसाहेब. हितं डावखुरं तुमीच. आता न्हाई मोडायची.”

तो विळा आज माझ्या घरी आहे. धार कुणाची, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगतो. मूठ कुणी मोडली, ते आज पहिल्यांदाच सांगतोय.