समोरचे सहा दात

रविवार, १२ फेब्रुवारी २००६. नऊ हजार द्यायचे की सत्तावीस हजार, हे ठरायचं होतं. हजर चौघे: दातांच्या डॉक्टरीणबाई, माझी बायको, आमचा मुलगा आणि मी. बाईंचा दवाखाना मीरा रोडला, मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता.

मुलाचं लग्न मे महिन्यात होतं. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत बायको तोंडावर पदर धरून उभी होती. फोटो बघून मुलगा म्हणाला, "आई, लग्नात तरी हात खाली ठेव." दोन दिवसांनी ती मला म्हणाली, "दातांचं काही करता येतं का बघा ना. त्याच्या लग्नात एकदा तोंड उघडून हसायचंय मला." संसाराला एकोणतीस वर्षं झाली होती. तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं आठवेना.

बाईंनी टेबलावर दोन नमुने ठेवले. एक काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला. त्याचा थर दातावर द्यायचा आणि निळ्या दिव्यानं घट्ट करायचा. एका दाताचे दीड हजार, चार वर्षं टिकेल. दुसरं पोर्सिलेन, नखासारखा पातळ पापुद्रा. माप देऊन लॅबमधून करून आणायचा. दाताला साडेचार हजार, बारा वर्षं बघायला नको.

"पण पोर्सिलेनसाठी दात थोडा घासावा लागतो," बाई म्हणाल्या. "घासलेला परत येत नाही. डागांचं म्हणाल तर पोर्सिलेनवर डाग धरत नाही, काँपोझिटवर धरतो. काकू, तंबाखू, मिशरी काही लावता?"

"छे छे," मुलगाच बोलला. "चहा खूप पिते ती."

मीही 'हो' म्हणून मान हलवली. बायको चूळ भरायच्या भांड्याकडे बघत राहिली. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मिशरी होती. पेणजवळच्या तिच्या गावी, दाढ दुखते म्हणून आईनं तिच्या बोटावर दिली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्याला सदतीस वर्षं झाली होती. मीरा रोडच्याच पेणकरपाड्यातल्या आमच्या मजल्यावर वास जाऊ नये म्हणून ती दुपारी खिडक्या लावून तव्यावर तंबाखू भाजायची आणि मागोमाग त्याच तव्यावर लसूण परतायची. घरात सगळ्यांना माहीत होतं. नाव कोणी काढायचं नाही.

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. नऊ हजार भागिले चार, सत्तावीस हजार भागिले बारा. दोन्हीकडे वर्षाला सव्वादोन हजार. सारखंच पडतं, तर लग्नाच्या वर्षात कमी द्यावेत. काँपोझिट ठरलं. भागाकार मी दोनदा तपासला, तो बरोबर होता. फक्त काँपोझिटची चार वर्षं ज्या उत्तरावर धरली होती, ते उत्तर आम्ही खोटं दिलं होतं.

घरी आल्यावर चपला काढता काढताच ती म्हणाली, "त्यांनी विचारलं मला. सांगितलंत तुम्ही दोघांनी."

"मग काय सांगायचं होतं?" मुलगा म्हणाला. "आणि सोड ना आता. त्यात काय एवढं!"

"तू सिगरेट सोडलीस? रोज जेवून गच्चीवर जातोस तो काय चांदण्या मोजायला?"

तो हसला आणि आत गेला. मी नाही हसलो.

तिनं मात्र सोडली. तीन महिने डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आमटीत मीठ दोनदा पडायचं. लग्नात सून उंबरठ्यावरचं माप ओलांडताना बायको तोंड उघडून हसली. मी समोरच होतो.

जूनमध्ये मिशरी परत सुरू झाली. गणपतीपर्यंत दातांच्या कडा पिवळ्या झाल्या, दिवाळीपर्यंत हिरड्यांलगत काळी रेघ आली. आधी सगळे दात एकसारखे काळपट होते, आता ठिपक्याठिपक्यांचे दिसायला लागले. एकदा जेवताना मुलगा सुनेसमोर म्हणाला, "नऊ हजार पाण्यात गेले. मिशरी सुटत नाही हिची." सुनेनं मान खाली घातली. बायकोचा हात तोंडावर गेला. थर कोणता घ्यायचा ते मी ठरवलं होतं, बाईंसमोर मान मी हलवली होती. तेवढं तरी मी बोलायला हवं होतं. मी आमटी वाढून घेतली. त्या दिवसापासून ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटी जेवायला बसू लागली.

डिसेंबरात मी म्हणालो, "सत्तावीस हजार टाकू. पोर्सिलेन करून घे."

"त्याला दात घासणार ना? नको. काळे तर काळे, माझे आहेत."

पुढच्या आठवड्यात ती न सांगता एकटीच दवाखान्यात गेली. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं बाईंना सांगितलं, मिशरी लावते, सदतीस वर्षं झाली. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. तो कागद तिनं मला दाखवला. लपवण्यासारखं आता काही नाही, असं मला वाटलं, पण मुलगा खोलीत आला तशी ती पदर सावरून ओट्याकडे वळली.

सहाही दातांवरचा थर काढून दात साफ करण्याचे अठराशे रुपये झाले. ते तिनं शेजारणींच्या भिशीतून आलेल्या पैशांतून डॉक्टरीणबाईंना रोख दिले. मी तेवढे पुढे केले होते, तिनं घेतले नाहीत.